ईयोबाच्या मित्रांचं काय चुकलं?

आजारी माणसाला 'तुमचा विश्वास कमी पडला' किंवा 'घरात कुठलं तरी लपलेलं पाप आहे' असं सांगणं ख्रिस्ती शिकवणीला धरून नाही. ही भाषा आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये फार पसरली आहे. आजार बरे व्हावेत म्हणून भरणाऱ्या आरोग्यसभांच्या मांडवात ती ऐकू येते, मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत असते, आणि आता घरगुती प्रार्थनेतही सहानुभूतीच्या सुरात शिरली आहे. बोलणाऱ्यांचा हेतू बहुधा वाईट नसतो. त्यांना वाटतं, आपण विश्वास वाढवतो आहोत. म्हणून तर याचा विचार गंभीरपणे करायला हवा.

अशाच एका घरी प्रार्थनेला गेलो होतो. घरातल्या तरुण मुलाच्या किडन्या निकामी झाल्या होत्या, डायलिसिस चालू होतं. लोखंडी कपाटाशेजारी सतरंजीवर आम्ही दहा-बारा जण दाटीवाटीनं बसलो होतो. गीत झालं, वाचन झालं. मग पाहुणे प्रचारक त्याच्या आईकडे वळून म्हणाले, "ताई, घर एकदा तपासून पाहा. प्रभू उगीच थांबत नाही." ती काही बोलली नाही. सगळे उठल्यावर मी पाण्याचा पेला ठेवायला आत गेलो, तर तिनं फळीवरचे डबे खाली उतरवले होते आणि मागून एक पितळी समई काढली होती. सासूच्या वेळची, काजळी धरलेली. मला म्हणाली, "भाऊ, ही असेल का हो?" मी नाही म्हणालो. पण माझ्या 'नाही'वर तिचा विश्वास बसलेला दिसला नाही, आणि त्यात तिचा दोष नव्हता. पुलपिटावरून आलेल्या वाक्याला एकट्या माणसाचं 'नाही' पुरत नाही. त्याला शास्त्रातूनच उत्तर द्यावं लागतं.

ते उत्तर बायबलच्या जुन्या करारात एका अख्ख्या पुस्तकाएवढं मोठं आहे: नीतिमान असूनही संपत्ती, मुलं आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाचं पुस्तक. ईयोबाची गोष्ट आपण शब्बाथशाळेत शिकतो ती बहुतेक अशी: संकटं आली, त्यानं धीर धरला, देवानं दुप्पट परत दिलं. म्हणजे पहिले दोन अध्याय आणि शेवटचा. मधले एकोणचाळीस अध्याय कुणी वाचत नाही. त्या अध्यायांत ईयोब धीर धरत नाही. तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला जाब विचारतो, समोरासमोर फिर्याद मांडायची मागणी करतो. आणि त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, देवाची बाजू घेतात. त्यांची वाक्यं सुटी काढून वाचली तर रविवारच्या संदेशात सहज खपतील: देव न्यायी आहे, निरपराध माणूस कधी नाश पावत नाही, पश्चात्ताप कर म्हणजे पुन्हा उभा राहशील.

हे मित्र सुरुवातीला चांगलेच वागले होते. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. बिघडलं ते बोलायला लागल्यावर. बाविसाव्या अध्यायात तर अलीफज थेट आरोपांवर येतो: तू उघड्यांची वस्त्रं काढून घेतलीस, तहानेल्याला पाणी दिलं नाहीस, विधवांना रिकाम्या हाती घालवलंस. याला पुरावा काहीच नाही. ईयोब नीतिमान आहे हे वाचकाला पहिल्याच ओळीत सांगितलेलं आहे. मग अलीफजनं ही पापं आणली कुठून? त्याच्या सिद्धांताला ती हवी होती. दुःख म्हणजे शिक्षा असं एकदा गृहीत धरलं की समोरच्या माणसाचा गुन्हा शोधावाच लागतो, आणि सापडला नाही तर तयार करावा लागतो. त्या घरातल्या समईपाशी हेच झालं.

शेवटी देव बोलतो तेव्हा कोप होतो तो मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तसे तुम्ही बोलला नाहीत, असं तो अलीफजला सुनावतो, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायला ईयोबालाच सांगतो. देवाची वकिली करणारे चुकीचे ठरतात. देवाशी भांडणाऱ्याची देवाच्या महिमेपुढे वाचा बसते खरी, तो आपले शब्द मागेही घेतो. पण तुझ्या पापामुळे हे झालं, असं देव त्याला एकदाही म्हणत नाही.

नव्या करारात हाच प्रश्न येशूपुढे दोनदा येतो. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात: कोणी पाप केलं, ह्यानं की ह्याच्या आईबापांनी? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याची बातमी आहे. ती माणसं यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं काय, असं येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. याच्या उलट वाटणारं एक वचन आहे, तेही लपवायला नको. बेथेसदा तळ्याकाठच्या माणसाला तो सांगतो: यापुढे पाप करू नकोस, नाहीतर तुझं अधिक वाईट होईल. पण तो माणूस तेव्हा बरा झालेला होता. खाटेला खिळलेल्या माणसाला येशूनं आधी पापाची यादी विचारली, असा एकही प्रसंग शुभवर्तमानांत नाही.

आता आरोग्यसभांचं मुख्य वचन: 'विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील.' याकोबाचं पत्र, पाचवा अध्याय. तिथं प्रार्थना कोण करतं? मंडळीचे वडील. विश्वास कोणाचा? प्रार्थना करणाऱ्यांचा. दुखणाइतानं फक्त त्यांना बोलावून घ्यायचं आहे. शिष्यांना एका मुलाला बरं करता आलं नाही, तेव्हा 'तुमच्या अल्पविश्वासामुळे' असं येशू म्हणाला, तेही शिष्यांना. त्या मुलाला नाही आणि त्याच्या बापालाही नाही. मार्कानं त्याच बापाचे शब्द जपून ठेवले आहेत: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. अर्ध्या विश्वासाच्या ह्या बापाचा मुलगा बरा झाला. तेव्हा विश्वासाचं माप काढायचंच असेल तर व्यासपीठावर उभ्या असलेल्यांचं आधी निघालं पाहिजे. पण तेही नको, कारण प्रेषित पौलाला स्वतःच्या शरीरातला काटा काढून मिळाला नाही; त्यानं तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे. आपला सोबती त्रफिम याला त्यानं आजारी अवस्थेत मिलेतात मागे ठेवलं. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा म्हणून सांगितलं, जे त्या काळचं औषधच होतं. पौलाचा विश्वास कमी पडला असं कोणी म्हणेल का?

इथवरचा वाद आपल्या घरातला झाला. पण मराठी मातीत हा प्रश्न ख्रिस्ती धर्मावर बाहेरूनही रोखला गेला आहे, आणि तो रोखणारा माणूस सामान्य नव्हता. काशीत वाढलेले चित्पावन ब्राह्मण नीळकंठशास्त्री गोरे विशीत असताना, जॉन म्यूर यांच्या, ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणाऱ्या 'मतपरीक्षा' ह्या संस्कृत ग्रंथाला उत्तर म्हणून त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला. त्यातला एक मुद्दा आजही बिनतोड वाटावा असा आहे. जगात कोणी सुखात जन्मतो, कोणी दुःखात. पूर्वजन्म मानला तर याचा हिशेब लागतो. मानला नाही तर ह्या विषमतेचा ठपका थेट ईश्वरावर येतो. शिवाय चार दिवसांच्या पापाला अनंतकाळचा नरक, हा कुठला न्याय? हेच गोरे १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले, ख्रिस्ती धर्माच्या बाजूनं ग्रंथ लिहू लागले. तरी त्यांच्या मनातल्या शंका शमल्या नाहीत. १८९५ मध्ये मृत्यू होईपर्यंत हा माणूस शंकांशी झगडत राहिला, आणि चर्चमध्येही राहिला. त्यांच्याविषयी मला जो आदर वाटतो तो त्यांनी जिंकलेल्या वादांमुळे नाही. शंका असताना ती नाही असं त्यांनी दाखवलं नाही, ह्यामुळे आहे.

गोऱ्यांचा मुद्दा मान्य करायला हवा. कर्मसिद्धांत हिशेब पूर्ण करतो आणि ख्रिस्ती धर्म तो अपुरा ठेवतो. अनेकांना त्या पूर्ण हिशेबातून खरोखर धीर मिळतो, हेही मी पाहिलं आहे. पण त्याची किंमत कोणी भरली, हे महाराष्ट्रात विचारावंच लागतं. नवरा मेला तो तुझ्या गेल्या जन्मीच्या पापानं, हे ऐकत जगलेल्या विधवांनी ती भरली. पंडिता रमाबाईंनी १८८७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात हे स्पष्ट लिहिलं: वैधव्य म्हणजे पूर्वजन्मीच्या अपराधाची शिक्षा असं समाज मानतो, म्हणून त्या मुलीची दयासुद्धा येत नाही. जातीच्या उतरंडीत तळाशी ढकललेल्यांनाही हाच हिशेब ऐकवला गेला. ज्या मंडळ्यांमध्ये आज 'लपलेलं पाप' शोधलं जातं, त्यांतल्या कितीतरी कुटुंबांचे पणजोबा-पणजी त्या हिशेबातून सुटण्यासाठीच ख्रिस्ताकडे आले. त्यांच्या पतवंडांना तोच हिशेब बायबल हातात घेऊन पुन्हा ऐकवणं, हा मला त्या पूर्वजांवरचा अन्याय वाटतो.

रमाबाईंचं आयुष्यच या प्रश्नानं घडलं. १८७४ च्या सुमारास, दुष्काळात, वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. तीर्थयात्रा, दानधर्म, पुराणं सांगणं, सगळं यथासांग करणारं कुटुंब होतं ते. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही. त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या, सिद्धांतावरून तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचा पत्रांतून मोठा वाद झाला. बायबलमध्ये मला जे दिसणार नाही ते केवळ चर्च सांगतं म्हणून मानणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. इकडे पुण्यात त्यांच्या धर्मांतरावर टीकेचा भडिमार होत असताना जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. फुले स्वतः कुठल्याच चर्चमध्ये गेले नाहीत. पण प्रश्न विचारणाऱ्या बाईचा हक्क त्यांना कळत होता.

आणि १८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. आपली आई उपासमारीत का गेली, याचं उत्तर त्यांना मिळालं होतं असं त्यांच्या लिखाणात मला कुठे दिसत नाही. शेवटच्या वर्षांत त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, आणि तेव्हाच, १९२१ मध्ये, एकुलती एक लेक मनोरमा वारली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. आजारपण म्हणजे विश्वासाची उणीव हा नियम खरा मानला, तर केडगावच्या त्या घरात विश्वास कमी होता असं म्हणावं लागेल. असं म्हणायला कोणी धजेल असं मला वाटत नाही.

मग ख्रिस्ती विचाराकडे दुःखाचं काही उत्तर आहे की नाही? आहेत, आणि एकाहून अधिक आहेत. चर्चच्या सुरुवातीच्या शतकांतल्या ऑगस्टीन या आचार्यानं सांगितलं की वाईट ही स्वतंत्र वस्तू नाही, चांगल्याचा अभाव आहे, आणि तो माणसाच्या स्वतंत्र इच्छेच्या गैरवापरातून येतो. त्याच्याही आधीच्या इरेनियस या आचार्याच्या विचारातून पुढे असं मांडलं गेलं की कच्च्या माणसाला परिपक्व व्हायला हे कठीण जगच लागतं. विसाव्या शतकात मॅकी या तत्त्वज्ञानं १९५५ मध्ये युक्तिवाद केला की सर्वशक्तिमान, पूर्ण चांगला देव आणि वाईटाचं अस्तित्व या गोष्टी एकत्र मानणं तर्काला धरून नाही. त्याला आल्विन प्लँटिंगा या अमेरिकन तत्त्वज्ञानं दिलेलं उत्तर इतकं भक्कम ठरलं की देव मानणं हीच तार्किक विसंगती आहे असं आता फार थोडे तत्त्वज्ञ म्हणतात. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलांना हे सगळं शिकवलं पाहिजे. 'शंका घेऊ नको' म्हणून त्यांना गप्प करणं हा विश्वासघात आहे.

पण ह्या युक्तिवादांची मर्यादाही त्याच वर्गात शिकवली पाहिजे. स्वतंत्र इच्छेचं उत्तर खून, बलात्कार, युद्ध यांना लागू पडतं. भूकंपाला? १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनची चर्चं भरलेली असताना जमीन हलली आणि उपासना करणारेच ढिगाऱ्याखाली गेले. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले असताना, पहाटे चारच्या आत किल्लारी आणि आसपासची गावं कोसळली. दोन्हीकडे देवाचा कोप झाला म्हणणारे निघाले. किल्लारीत माणसं मारली ती दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या ओझ्यानं. कोपाची भाषा बोलणाऱ्याचं लक्ष भिंतीकडे जात नाही, म्हणून ती भाषा नुसती चुकीची नाही, घातक आहे. आरोग्यसभेतून परतल्यावर ज्यानं साखरेच्या किंवा टीबीच्या गोळ्या बंद केल्या, त्याच्या बाबतीत हेच घडतं.

भिंतीकडे पाहणारे ख्रिस्ती लोक आपल्याकडे झाले आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले. गावातली लेकरं का मरतात, हा प्रश्न त्यांनी आकाशाकडे पाहून न विचारता गावात हिंडून विचारला. पाणी, जुलाब, कुपोषण, जातीची दूर ठेवलेली विहीर, ही उत्तरं सापडली. मग गावातल्याच बायकांना, ज्यांतल्या कित्येक निरक्षर आणि दलित होत्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. मीठ-साखरेच्या पाण्यानं मुलं वाचू लागली. दुःखाच्या कोड्याचं हे उत्तर नाही, हे मला कळतं. पण ईयोबाच्या मित्रांना जे सुचलं नाही ते आरोळे दांपत्याला सुचलं.

कोडं मात्र उरतंच. चार वर्षांचं मूल कॅन्सरनं जातं तेव्हा त्याची आत्मिक परिपक्वता झाली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिथं ख्रिस्ती विश्वासाकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट उरते, आणि ती युक्तिवाद नाही. वधस्तंभावर येशू ओरडला: 'एली, एली, लमा सबख्थनी', माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? बाविसाव्या स्तोत्राची ती पहिली ओळ आहे. 'का?' हा प्रश्न देवाच्या पुत्रानं विचारला आणि त्या क्षणी वरून उत्तर आलं नाही. युर्गेन मोल्टमान हा जर्मन धर्मतत्त्ववेत्ता १९४३ च्या हॅम्बर्गवरच्या बॉम्बवर्षावात कोवळ्या वयात सापडला, त्याचा मित्र त्याच्या शेजारीच मारला गेला. देव कुठे आहे, हा त्याचा प्रश्न पुढे त्याला ह्याच आरोळीपाशी घेऊन आला.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे. डॉक्टर माझ्याबरोबर आजारी पडला तर माझा ताप उतरतो का? नाही उतरत. देव सोबत दुःख भोगतो एवढंच म्हणून थांबलं तर ते सांत्वन अपुरंच आहे. जुन्या आचार्यांनी देवाला दुःख होऊ शकत नाही असा आग्रह धरला त्यामागेही हीच काळजी होती. म्हणूनच ख्रिस्ती माणूस तिसऱ्या दिवसावर, पुनरुत्थानावर इतका जीव टाकतो. ते मी कुणाला गणितासारखं सिद्ध करून दाखवू शकत नाही. रिकाम्या कबरेची साक्ष, शिष्यांच्यात झालेला बदल, पौलानं नोंदवलेली दर्शनं, हे पुरावे मी मांडीन, आणि ते मला वजनदार वाटतात. पण शेवटी तो भरवसा आहे. पेत्र आपल्या आशेविषयी विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला तयार राहा म्हणतो आणि लगेच जोडतो की ते सौम्यतेनं द्या. ज्या आईनं समई काढून ठेवली तिच्यापुढे पुनरुत्थानाचं नाव घ्यायचं तर आधी सात दिवस जमिनीवर बसायची तयारी हवी.

काही पाळक मला म्हणतात, असं उघड बोललं तर लोक तुटतील, साक्षी ऐकायला येणारी माणसं कमी होतील. साक्षी जरूर व्हाव्यात. बरा झालेला माणूस देवाची उपकारस्तुती करतो तेव्हा माझंही मन भरून येतं. आजाऱ्यासाठी मीही बरं होण्याचीच प्रार्थना करतो. पण जो बरा झाला नाही त्यालाही त्याच माईकवर बोलू द्या. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं इतकी आहेत, तरी उपासनेत ती क्वचित ऐकू येतात. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारावरच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. येत्या महिन्याच्या एका रविवारी ते पूर्ण वाचा, त्यावर संदेश द्या, आणि त्याच दिवशी पुलपिटावरून स्पष्ट सांगा की प्रार्थनेला या, गोळ्या बंद करू नका, आणि तुमच्या मुलाच्या आजारासाठी या मंडळीत कोणी तुमच्या घराची झडती घेणार नाही.